मोहटोल्यात रोगी मिळेनात

अनुदान मंजूर व्हायला आता फक्त रोग्यांची अडचण उरली होती. मोहटोल्याच्या मानसिक आरोग्य केंद्राला समाजमंदिराची खोली मिळाली होती, टेबल शाळेतून आलं होतं, खुर्ची सरपंचांनी दिली होती. पण नागपूरहून पाहणीला येणारे डॉक्टर रोगी बघितल्याशिवाय होकार देणार नव्हते, आणि मोहटोल्यात रोगी नव्हते. म्हणजे होते; पण ते ज्याच्या त्याच्या घरी होते.

महिला मंडळाची अध्यक्ष चंद्रकला दारोदार फिरली. शेजारच्या रंभाबाईंना झोप येत नसे, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. त्यांनी मात्र कानावर हात ठेवले.

"माह्या बेबीचं तुमसरले जमून राहिलं. तिची माय पागलांच्या दवाखान्यात जाते असं कळलं, त मंडप उभा रायन का?"

चंद्रकलेचं खरं दुखणं निराळंच होतं. तिचा नवरा घनश्याम गावच्या नाटक मंडळाचा प्रॉम्प्टर. पडद्याआड बसून त्याने अख्खी नाटकं नटांच्या तोंडात घातली होती. मागच्या दिवाळीनंतरच्या मंडईपासून, म्हणजे गावच्या जत्रेपासून, तो बोलेनासा झाला. भांडण नाही, ताप नाही. नुसता ओसरीवर बसून राही. तिने दोनदा त्याला बैलबंडीने तुमसरच्या स्टँडवर नेलं. दोन्ही वेळा तो चढलाच नाही, नागपूरची एसटी समोरून निघून गेली आणि दोघं बंडीने परत आली. तो डॉक्टरकडे जात नव्हता, तेव्हा डॉक्टरच गावात यायला हवा होता. अनुदान मिळालं तर दर गुरुवारी येणार होता.

नाटक मंडळाचे मालक टिकाराम यांनी हे ऐकलं आणि मांडीवर थाप मारली.

"रोगीच पायजेत ना वयनी? आमचं मंडळ कायले आहे मंग?"

"अहो, पण लोक नावं ठेवतीन तुमाले!"

"नाटकात राक्षस झाला म्हनून कोनी पोरगी द्याची रायते का? हेबी तसंच."

हा युक्तिवाद गावाला पटला. तालमी सुरू झाल्या आणि पहिल्याच दिवशी भांडण झालं. मंडळातला नट गोपीचंद म्हणाला, "मले मागच्या साली शिपायाचं काम देल्लं. यंदा मले मोठा पागल पायजे." मोठं काम मालकांचं, असा मंडळाचा नियम होता. शेवटी गोपीचंदला भूत दिसण्याचा रोग मिळाला. त्यात ओरडायला वाव होता. नाटकच आहे म्हटल्यावर रंभाबाईही झोप न येण्याच्या कामाला तयार झाल्या. टिकारामांनी उदास माणसाचं काम घेतलं. त्यांची वाक्यं चंद्रकलेने स्वतः लिहून दिली. दाढी लावायची नाही, हे मात्र तिला त्यांना तीनदा सांगावं लागलं.

मोहटोल्यात नाटक आहे, ही बातमी लपत नाही. पाहणीच्या दिवशी आसपासच्या गावांतून बंड्या आल्या. बाया सतरंज्या टाकून बसल्या. भुईमुगाच्या शेंगावाला आला. डॉक्टर जीपमधून उतरले ते थक्कच झाले.

"एवढे रोगी?"

"नाही जी," चंद्रकला म्हणाली, "नातेवाईक होत."

गोपीचंदने भूत असं पाहिलं की पुढच्या रांगेतली लेकरं रडायला लागली. टाळ्या पडल्या. मागून कोणीतरी "वन्स मोअर" म्हणालं आणि गोपीचंदला तेच भूत पुन्हा दिसलं. डॉक्टरांनी चष्मा पुसला. मग रंभाबाईंचं नाव पुकारलं. गावभराच्या गलक्यात, वर्षानुवर्षं झोप न आलेल्या रंभाबाई रांगेत भिंतीला टेकून घोरत होत्या. त्यांना कोणी उठवलं नाही. उठवायचं तरी कोणत्या तोंडाने?

टिकाराम खुर्चीवर बसले. त्यांनी गर्दी पाहिली, छाती भरून घेतली आणि वाक्य विसरले.

"डॉक्टर साहेब," ते म्हणाले. "डॉक्टर साहेब... मले..."

चंद्रकलेने वाक्यांचा कागद काढला. आता डॉक्टर उठणार, जीप जाणार, आणि गुरुवार कधीच येणार नाही. टिकाराम सवयीने मान किंचित मागे कलवून बसले होते. मागे खिडकी होती. गर्दी सोसत नाही म्हणून तिने घनश्यामला खिडकीबाहेरच्या ओट्यावर बसवलं होतं.

खिडकीतून हलका आवाज आला, "सकारी डोरे उघडले का..."

"सकारी डोरे उघडले का!" टिकाराम गरजले.

"छातीवर धानाचं पोतं ठेवल्यावानी वाटते."

"छातीवर धानाचं पोतं! ठेवल्यावानी! वाटते!"

"बायको बोलते ते ऐकू येते. पन तिच्यापावत जाची वाट दिसत नाही."

टिकारामांनी हेही म्हटलं, पण या खेपेला त्यांचा आवाज चढला नाही. शेंगा फोडण्याचा आवाज थांबला. चंद्रकला कागद हातात धरून उभी होती. त्यावर यातलं एकही वाक्य नव्हतं.

डॉक्टर उठले, खिडकीपाशी गेले आणि बाहेर डोकावले. परत येऊन म्हणाले, "केंद्र सुरू करू. पुढच्या गुरुवारी मात्र एवढे रोगी आणू नका. हे ओट्यावरचे गृहस्थ पुरेत."

"म्हंजे?" टिकारामांना लागलं. "आमचं काम पसंत नाही आलं काय जी?"

"झोपलेल्या बाईंचं फार आवडलं," डॉक्टर म्हणाले. "त्यांनाही आणा."

गुरुवार सुरू झाले. डॉक्टर गोळ्या देत, घनश्यामजवळ बसून गप्पा मारत आणि मधेच वाक्य अर्धं सोडत. घनश्यामला अर्धं वाक्य सहन होत नसे. तो ते पुरं करी. हे औषध गावालाही कळलं. दुकानदार "साखर आज..." म्हणून थांबू लागला, न्हावी "मिशी जरा..." म्हणून वस्तरा वर धरून उभा राहू लागला. मोहटोल्यात आलेल्या पाहुण्यांना मात्र वाटे, या गावात कोणालाच काही धड सांगता येत नाही.

घरी घनश्याम अजून गप्पच असे. एका संध्याकाळी ताट वाढून चंद्रकला म्हणाली, "आज भाजीत मीठ..." आणि थांबली.

त्याने घास घेतला. चावला. पाणी प्याला. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"कमी आहे," घनश्याम म्हणाला. मग कोणी न विचारता पुढे म्हणाला, "अन् वरन पातर करतेस तू. सालभरापासून सांगाचं म्हनून राहिलो."

भाजीत मीठ अगदी बरोबर होतं. चंद्रकला उठली, मिठाची बरणी घेऊन आली, चांगली चिमूटभर घातली, आणि ती खारट भाजी दोघांनी मिळून संपवली.