तात्यांची घुमणारी पेटी

आमच्या शेजारचे तात्या गाणं तळपायांनी ऐकत. तबकडी लावली की चपला काढून पाय फरशीवर घट्ट टेकवत आणि मला विचारत, "खालचा आवाज पोचला का रं?" गाणारा कोण, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे.

भिवपुरीच्या वीजघरातून निवृत्त होऊन ते एकटेच कर्जतला राहायला आले, ते काचेच्या दिव्यांसारख्या व्हॉल्व्हचा जुना अँप्लिफायर मांडीवर घेऊन टेंपोतून. व्हॉल्व्ह तापेपर्यंत कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. "तापू दे. थंड दिव्यातनं गाणं गारठून येतं."

त्याचा मूळचा स्पीकर बशीएवढा. तात्यांनी बंद पडलेल्या तंबू-थिएटरातला परातीएवढा स्पीकर पैदा केला, सुताराकडून कपाटाएवढी पेटी करवली आणि एका दुपारी मला तारा धरायला बसवलं.

"जोडणी झाल्याबिगर बटण दाबायचं नाय हां! ट्रान्सफॉर्मर जळंल."

जोडणी झाली. बटण दाबलं. तबकडी अजून पाकिटातच होती, तरी पेटीतून हूंऽऽऽ असा आवाज सुरू झाला. पलीकडून भागीकाकू ओरडल्या, "अवो तात्या, फळीवरची भांडी नाचत्यात माजी!"

तात्या डोळे मिटून हसत होते.

दुसऱ्या दिवशी काकूंनी ओळखीचा रेडिओवाला धाडला. त्यानं एक जुना कंडेन्सर बदलला आणि घुमणं थांबलं. गाणं कसं लख्ख! तात्यांचा चेहरा मात्र पडला.

"आवाज कुठं गेला?"

"काका, बिघाड होता तो. काढला."

"परत घाल."

रेडिओवाल्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की म्हातारा ठीक आहे ना? शेवटी जुना कंडेन्सर परत बसला.

तो गेल्यावर मला राहवेना. "तात्या, हे घुमणं कशाला हवं तुम्हाला?"

त्यांनी पेटीवर हात ठेवला. "वीजघराच्या क्वार्टरात रातंदिस मशिनं अशीच घुमायची. लगीन होऊन आली तवा हिला झोप यायची नाय. मग अशी सवय लागली, की माहेरी टिकायची नाय. म्हणायची, तिथं लई गप्प गप्प हाय." त्यांनी तळपाय फरशीवर टेकवले. "ती गेली तिथंच. हितं आलो, तवा मला कळलं ती काय म्हणायची."

मी तबकडी उचलली. "गाणं लावू?"

"नको रं. गाण्यात ते दबतं."

पेटी घुमत राहिली. तात्या बसल्या बसल्या पेंगू लागले. मी तबकडी पाकिटात घातली आणि बटणाला हात न लावता दार हळूच ओढून घेतलं.