मागच्या सीटवरची बाळंतीण

मास्तरांनी सकाळी शिकवणीच्या गाडीचं मागचं दार उघडलं, आत पाहिलं आणि तसंच लावून टाकलं. मग डोळे चोळून पुन्हा उघडलं. मागच्या सीटवर गल्लीतली तांबूस कुत्री ऐसपैस पसरली होती आणि तिच्या पोटाशी उंदराएवढी तीन पिल्लं चुळबुळत होती.

"अगं, बाहेर ये जरा!" मास्तर ओरडले. मास्तरांचं ओरडणं म्हणजे साधंसुधं नव्हे. गाडी चालवायला शिकवणं हा त्यांचा धंदा आणि शिकवणं म्हणजे ओरडणं, ही त्यांची प्रामाणिक समजूत होती. त्यांचा आवाज आला की लोक गाडी दिसण्याआधीच फुटपाथवर चढत.

बायको पदराला हात पुसत आली. आत डोकावली. "झालं? काच दुरुस्त करा, काच दुरुस्त करा, म्हणून सांगता सांगता माझी जीभ झिजली. आता ती अर्धी काच बघून हिनं इथंच बाळंतपण उरकलं. काढा बाहेर."

"काढतो की. त्यात काय!" मास्तरांनी बाह्या सरसावल्या. "हट! ए, चल हट!"

कुत्रीनं ओठ नुसता एका बाजूनं वर उचलला. दात दिसले. मास्तरांनी बाह्या पुन्हा खाली केल्या.

ती पाणी प्यायला उतरली, तेवढ्यात मास्तरांनी पिल्लं फळांच्या रिकाम्या पेटीत घालून जिन्याखाली नेऊन ठेवली. तिनं एकेकाला मानेला धरून परत आणलं आणि त्याच सीटवर ओळीनं मांडलं. मास्तरांनी पुन्हा पेटी भरली आणि या वेळी काचेच्या फटीत पुठ्ठा ठोकला. तेव्हा तिनं गाडीपुढे बैठक मारून असा काही गळा काढला की शेजारपाजारचे सगळे दारात आले.

"उघडा ते दार आधी!" बायको कानांवर हात ठेवून म्हणाली. "भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झालीय."

गाडी एकच. शिकवणी तर बुडवून चालणार नव्हती. पहिले आले दातांचे डॉक्टर. लोकांच्या दाढा हसतहसत उपटणारा हा माणूस मास्तरांच्या शेजारी बसला की घामानं भिजायचा. त्यांनी गाडी सुरू केली, नेहमीप्रमाणे क्लच झटक्यात सोडला आणि गाडीनं उडी मारली. मास्तरांनी छाती भरून श्वास घेतला. "अहो डॉक्ट—"

मागून गुरगुर आली. मास्तरांच्या मानेवर गरम श्वास लागला.

"—र," मास्तर कुजबुजले. "जरा हळू सोडा हो पाय. घाई नाही आपल्याला."

डॉक्टरांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. मास्तर आजारी आहेत की काय, असं त्यांना वाटलं. पण पाय हळू सुटला. गाडी लोण्यासारखी निघाली. वळणावर मास्तर कुजबुजले, "वा, छान," आणि एवढं ऐकून डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणीच आलं. आजवर त्यांना या गाडीत कुणी छान म्हटलं नव्हतं.

बातमी पसरायला काय वेळ? मास्तर हल्ली कुजबुजतात! सोडून गेलेले विद्यार्थी परत आले. बेकरीवाल्या काकू आल्या; गाडी मागे घेताना त्या डोळे मिटून घ्यायच्या, म्हणून मास्तरांनी त्यांना घरी पाठवलं होतं. पोस्टमन आला. येताना कुणी दूध आणी, कुणी जुनी शाल आणी, काकू पावाच्या कडा आणत. कुत्रीला मास्तर 'बाईसाहेब' म्हणू लागले. पिल्लांचंही बारसं झालं. शेपूट क्षणभर न थांबणारा तो वायपर. दिसेल त्या पोटरीला धरून न सोडणारा तो क्लच. आणि सगळ्यांत बारीक, कायम मागे राहणारी, ती स्टेपनी.

बायको मात्र गाडीकडे फिरकायची नाही. "लळा लावून घेऊ नका," ती लांबूनच बजावायची. "पिल्लं जायचीच असतात."

"कोण लळा लावतंय? मी?" मास्तर म्हणायचे, आणि स्टेपनीला शर्टाच्या आत लपवायचे. शर्ट हलायचा.

पिल्लांचे डोळे उघडले, पाय फुटले आणि मग मात्र हाहाकार झाला. वायपरनं सीटचा स्पंज उपसला. क्लचनं पट्टा कुरतडला. आणि एके दिवशी भर चौकात काकूंनी ब्रेक दाबला, तर तो खाली जाईना.

"मास्तर! ब्रेकखाली काहीतरी मऊ आहे हो!" काकू किंचाळल्या.

शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही एक ब्रेक असतो, म्हणून वाचलं. मास्तरांनी तो दाबला, गाडी थांबली, आणि काकूंच्या पायाखालून स्टेपनी जांभई देत बाहेर आली. मास्तर पांढरेफटक पडले होते. त्यांनी तिला छातीशी धरलं आणि घर येईपर्यंत खाली ठेवलं नाही.

घरी हे कळलं तेव्हा बायकोनं फर्मान काढलं. "बस्स झालं. उद्या कुणाच्या तरी पायाखाली जीव जाईल त्यांचा. घरं बघा."

बोलणं खोटं नव्हतं. घरंही शोधायला लागली नाहीत. डॉक्टरांना वायपर हवा होता. पोस्टमनला क्लच हवा होता. "आयुष्यभर कुत्र्यांनी माझ्या पोटऱ्या धरल्या, मास्तर," तो म्हणाला. "एक तरी कुत्रं माझ्या बाजूनं असू दे." काकूंचा तर स्टेपनीवर त्या ब्रेकच्या दिवसापासून जीव जडला होता.

"असं कुणालाही देणार नाही," मास्तर गंभीरपणे म्हणाले. "परीक्षा घेणार. पिल्लं मागे पेटीत झोपवायची, गाडी मैदानाला एक फेरी मारून आणायची. पिल्लू जागं झालं की नापास. ज्याला गाडी जपून चालवता येत नाही, तो जीव काय जपणार?"

सगळ्यांना ते पटलं. मास्तर बोलले म्हणजे बरोबरच असणार.

डॉक्टरांनी गाडी अशी नेली की पेल्यातलं पाणी हललं नसतं. शेवटचं वळण आलं आणि गाडीला खाडकन हिसका बसला. मागून तीन आवाजांत केकाटणं सुरू झालं.

"अरेरे," मास्तर म्हणाले. "नापास."

"पण मी ब्रेक दाबलाच नाही!"

"सगळे असंच म्हणतात, डॉक्टर."

पोस्टमन त्याच वळणावर नापास झाला. काकूही झाल्या. पुन्हा परीक्षा झाली, पुन्हा सगळे आपटले. काकूंनी बेकरीची गाडी मागवून रिकाम्या रस्त्यावर सराव केला. डॉक्टर दवाखान्यातल्या खुर्चीचं पेडल हळू दाबायची सवय करू लागले. पेशंट वर जाता जाता पेंगायला लागले. तरी त्या वळणावर हिसका ठरलेला. शेवटी पोस्टमननं मेकॅनिकला आणलं. त्यानं चारही चाकं काढली, ब्रेक खोलले, पुसले, लावले.

"गाडीत काडीचा दोष नाही," मेकॅनिक डोकं खाजवत म्हणाला. "त्या वळणावरच काहीतरी आहे. मी तुमच्या जागी असतो तर तिकडं फिरकलो नसतो."

ही हकिगत बायकोच्या कानावर गेली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर परीक्षेला आले, तेव्हा ती पर्स घेऊन खाली आली आणि मागचं दार उघडून सरळ बाईसाहेबांच्या शेजारी बसली.

"तू कुठे?" मास्तर दचकले.

"बघू तरी ते वळण. चला डॉक्टर."

मास्तर सीटवर चुळबुळू लागले. वळण जवळ आलं. बायको मागून पुढे वाकली, मास्तरांच्या पायांकडे पाहिलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "अहो, मांडी घाला."

"काय?"

"पाय वर घ्या आणि सीटवर मांडी घाला."

मास्तरांनी एकदा डॉक्टरांकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे, आणि मुकाट्यानं बूट काढून मांडी घातली. गाडीनं वळण घेतलं. पिल्लं घोरत होती. डॉक्टरांनी फेरी पुरी केली, गाडी उभी केली आणि हळूच मान वळवून मास्तरांकडे पाहिलं. त्यांच्या सगळं लक्षात आलं होतं. पण दातांचा डॉक्टर तो; दुखऱ्या जागेवर बोट ठेवायचं नाही, एवढं त्याला कळत होतं. "मी जरा पाय मोकळे करतो," असं म्हणून ते उतरून गेले.

मास्तर मांडी घालूनच बसून राहिले.

"कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच," बायको म्हणाली. "लेक नोकरीला परगावी निघाली तेव्हाही हेच. तिच्या गाडीत तुमच्या पायाशी ब्रेक असता तर तोही दाबला असतात. नव्हता, म्हणून बॉनेटमध्ये डोकं घालून बसलात. पोरीनं दारात उभं राहून किती वाट पाहिली. शेवटी तशीच गेली."

"मला जमत नाही गं," मास्तर म्हणाले. त्यांचा तो गल्ली हादरवणारा आवाज कुठच्या कुठे गेला होता. "जाताना बघवत नाही."

"मला बघवतं वाटतं? म्हणूनच लांब राहिले ना इतके दिवस." बायकोनं पेटीत हात घातला. स्टेपनीनं झोपेतच तिचं बोट चोखायला सुरुवात केली. बायकोनं बोट काढून घेतलं नाही. "पण ज्याला जायचंय त्याला नीट निरोप द्यावा. या वेळी दारात उभं राहायचं. मी आहे शेजारी."

तसं ठरलं. पहिला वायपर गेला. मास्तर दारात ताठ उभे राहिले. "डाव्या कानामागे खाजवलं की झोपतो," त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. "आणि त्या तुमच्या मशीनचा आवाज त्याच्या कानावर पडू देऊ नका." दुसऱ्या दिवशी क्लच पोस्टमनच्या पोटरीला लटकूनच गेला, त्याला वेगळं काही सांगावं लागलं नाही. शेवटी काकू आल्या. मास्तरांनी स्टेपनीला शर्टातून बाहेर काढलं, पुन्हा आत घातलं, पुन्हा काढलं. काकू थांबल्या. बायकोनं मास्तरांच्या पाठीवर हात ठेवला. मास्तरांनी पिल्लू दिलं आणि काकू कोपऱ्यावर दिसेनाशा होईपर्यंत हात हलवत राहिले. मग आत येऊन त्यांनी लेकीला फोन लावला. "काही नाही गं, सहज," म्हणाले आणि हुंदका आला म्हणून फोन बायकोच्या हातात दिला.

बाईसाहेब चार दिवस सीट हुंगत फिरल्या. आता ओरडायला मास्तरांना कुणाची आडकाठी नव्हती, पण तोंडातून आवाजच निघेना. मग एकदा शिकवणी चालू असताना ते कुजबुजले, "आज जरा बेकरीवरून घ्या." बेकरीपुढे गाडी थांबली, दोनदा हॉर्न वाजला आणि स्टेपनी कान उडवत धावत आली. बाईसाहेबांनी खिडकीतून वाकून तिला नखशिखांत चाटून काढलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यावरून जाणं झालं, तिसऱ्या दिवशी पोस्टावरून. बायकोला अचानक रोज बाजारात काही ना काही काम निघू लागलं. ती मागे बाईसाहेबांशेजारी बसायची आणि बाजार आला तरी उतरायची नाही.

सगळं सुखात चाललं होतं, पण लायसन्सच्या परीक्षेचा दिवस उजाडला. परीक्षा घेणारे साहेब म्हणजे कडक माणूस. संध्याकाळी त्यांनी मास्तरांना बोलावून घेतलं.

"मास्तर, तुमचे विद्यार्थी गाडी उत्तम चालवतात. इतक्या हळुवारपणे चालवणारे मी पाहिले नाहीत. पण एक सांगा. त्या बेकरीपुढे आले की सगळेच्या सगळे गाडी कडेला घेतात, थांबतात आणि दोनदा हॉर्न देतात. मी विचारलं, का? तर म्हणतात, मास्तरांनी असंच शिकवलंय. हे कुठल्या नियमात बसतं?"

"नाही बसत, साहेब," मास्तर खाली मान घालून म्हणाले.

"विनाकारण हॉर्न द्यायचा नाही, हे तुम्हाला मी सांगायचं? चला, मला त्या रस्त्यानं घेऊन चला. स्वतः चालवा. पुन्हा असं दिसलं तर तुमचा परवाना गेला म्हणून समजा."

गाडीत मागे बायको आणि बाईसाहेब बसलेल्या होत्याच. साहेब पुढे बसले. मास्तरांनी गाडी काढली. बेकरी दिसू लागली तशी बाईसाहेबांची शेपटी सीटवर आपटायला लागली. पण धंद्याचा प्रश्न होता. आणि आता सोडायला शिकलं पाहिजे, असं ते स्वतःला समजावत होते. त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरले, नजर सरळ ठेवली आणि गाडी बेकरीसमोरून पुढे नेऊ लागले.

तेवढ्यात दोन सीटच्या मधून बांगड्यांचा एक हात पुढे आला आणि त्यानं हॉर्न दाबला. दोनदा, चांगला सणसणीत.

बेकरीच्या दारातून स्टेपनी बाणासारखी सुटली. मास्तरांनी ब्रेक मारला. पुढच्या क्षणी तिचे दोन्ही पाय साहेबांच्या खिडकीवर होते आणि जीभ साहेबांच्या कानात.

"कुणी दिला हॉर्न?" साहेब कान पुसत कडाडले. पण दुसऱ्या हातानं त्यांनी पिल्लाला खाली पडू नये म्हणून धरून ठेवलं होतं.

मास्तरांनी आरशात पाहिलं. बायको खिडकीबाहेर बघत पदरानं वारा घेत होती.

"मीच, साहेब," मास्तर म्हणाले. "हात लागला चुकून."