बॉलरूमची नळजोडणी

शासकीय कामकाज गतिमान व्हावे, या हेतूने खाडीकाठ नळपाणी योजनेच्या भाईंदर कार्यालयात १९९८च्या उन्हाळ्यात बोललेले ऐकून आपोआप टाइप करणारा संगणक बसवण्यात आला. त्याआधी बोललेले ऐकून टाइप करायला तिथे उर्मिला सामंत होत्या. पण त्या रजा घेत, चहा पीत आणि साहेबांचे व्याकरण न विचारता सुधारत. संगणकात यांपैकी एकही दोष नव्हता.

उपअभियंता आत्माराम पेडणेकर यांनी संगणकाला हार घातला, पेढे वाटले आणि माईक डोक्यावर चढवला. संगणक पुरवणाऱ्या कंपनीचा नीरज शेजारी उभा होता.

"सर, एकेक शब्द सुटा बोलायचा. मध्ये थांबायचं. आणि अ‍ॅक्सेंट थोडा अमेरिकन ठेवा."

"म्हणजे कसा?"

"तोंडात गरम बटाटा असल्यासारखा."

पेडणेकरांनी गरम बटाट्यासह 'पेणकरपाडा' म्हटले. पडद्यावर 'पॅनकेक परेड' उमटले.

"याला मराठी येत नाही का हो?" उर्मिलाबाईंनी विचारले.

"सध्या इंग्लिशच आहे मॅडम. मराठी पुढच्या व्हर्जनमध्ये येतंय."

कारभार मराठीतूनच करावा, असा तर वरून सक्त आदेश होता. त्यामुळे साहेब मनात मराठी वाक्य जुळवत, तोंडाने त्याचे इंग्रजी करत, संगणक ते त्याच्या मगदुराप्रमाणे टाइप करी, आणि उर्मिलाबाई त्याचे पुन्हा मराठी करून पुन्हा टाइप करत. सुरुवातीला त्या चुका दुरुस्त करायच्या. मग मुख्यालयाने कळवले की, अशाने यंत्राची खरी कुवत समजणार नाही. मजकुरात मानवी ढवळाढवळ नको. तेव्हापासून त्या जसेच्या तसे भाषांतर करू लागल्या. टाइपिंगचा भार निम्म्यावर आल्याचा अहवालही गेला. तो खराच होता. पत्रे निम्मीच निघत होती.

पंख्याची घरघर ऐकून संगणक पानभर 'द द द द' लिही, म्हणून पंखे बंद झाले. मागोमाग खिडक्याही. नागरिकांनी आपली तक्रार मनातल्या मनात करावी, अशी पाटी लागली.

जुन्या भाईंदरचा बाळाराम ही पाटी वाचूनही बोललाच. तो मासेमारी करणारा माणूस. समुद्रावर ओरडून बोलायची सवय.

"सायेब, होळीपासनं नळाला पानी न्हाय! बायको पहाटं हंडे घेऊन इहिरीवर जाते, तर तीबी खारट झालीय. नवी जोडनी द्या."

मागणी वाजवी होती. पेडणेकर तसे वाईट नव्हते. त्यांनी ताबडतोब माईक ओढला आणि बाळारामला जोडणी द्यावी, असे घाम पुसत, एकेक शब्द सुटा करत सांगितले. संगणकाने 'बॉलरूम'ला जोडणी द्यावी, असे टाइप केले. उर्मिलाबाईंनी डोळे मिटून त्याचे मराठी केले. साहेबांनी सही केली.

इंद्रलोक वसाहतीच्या बाजूला नुकताच 'हंसा बॉलरूम' नावाचा हॉल उघडला होता. तिथे कुणी बॉल डान्स करत नसे; लग्ने, बारशी आणि साखरपुडे होत. पण 'मंगल कार्यालय' म्हटले की लोक भाडे कमी करून मागत. आदेश निघताच खोदकाम झाले आणि हॉलला जाडजूड पाइपाची जोडणी मिळाली. न मागता आलेले सरकारी पाणी मालकाने नम्रपणे स्वीकारले.

बाळाराम पुन्हा आला. या वेळी बायको चंद्रावतीही बरोबर होती.

"सायेब, पानी आलं न्हाय."

"आलंय. आदेशाची अंमलबजावणी झालीय. बॉलरूम."

"मी बाळाराम हाय!"

साहेबांनी शंका नको म्हणून माईकमध्ये पुन्हा 'बाळाराम' म्हटले. पुन्हा बॉलरूम. सावकाश म्हटले. तरी बॉलरूम.

"बघा सर," नीरज म्हणाला, "मशीन किती कन्सिस्टंट आहे! चूक असती तर दरवेळी वेगळी आली असती."

हा मुद्दा सर्वांना पटला. पेडणेकर समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाळाराम, तुम्ही नाव बदलून घ्या. रॉबर्ट, विल्यम, काहीही. पहिल्या झटक्यात येतं."

"आज्यानं ठेवलेलं नाव पान्यासाठी टाकू?"

"आन् मी काय रॉबर्टची बायको म्हनून हंडा घेऊन फिरू?" चंद्रावती म्हणाली. तिचा आवाज चढला तसा संगणकाने घाईघाईने अर्धे पान टाइप केले.

उर्मिलाबाई उठल्या. "साहेब, दोन ओळींचं काम आहे. मी हाताने टाइप करते. तुम्ही फक्त सही करा."

पेडणेकरांनी घाईने माईकवर हात ठेवला.

"हाताने?" पेडणेकरांचा चेहरा उतरला. "बाई, यंत्र बसवल्यावर हाताने काम झालं हे वर कळलं तर मी काय उत्तर देऊ?"

 उर्मिलाबाई बसल्या आणि हाताने टाइप करू लागल्या. चार दिवसांनी त्यांची बदली झाली. त्यांनी टाइप केलेला कागद सहीविना राहिला.

पुढे मुख्यालयाची समिती आली. आवाजावर चालणारा संगणक रोजच्या वापराला व्यवहार्य आहे का, हे तिला ठरवायचे होते. समितीने नागरिकाला विचारण्याऐवजी दप्तर तपासले. योजनेच्या इतिहासात इतक्या झटपट कुणालाच जोडणी मिळालेली नव्हती. समितीचे जेवण हंसा बॉलरूममध्ये झाले आणि हात धुता धुता 'अत्यंत व्यवहार्य' असा शेरा ठरला. सर्व उपविभागांसाठी संगणक मंजूर झाले.

चंद्रावती आता लग्नाच्या दिवशी हॉलच्या मागच्या दाराशी हंडे घेऊन उभी राहते. दिवसा वॉचमन पत्रिका मागतो. पंगती उठल्या की मात्र उरलेले पाणी भरू देतो.

तुम्हीही त्या हॉलमध्ये एखाद्या लग्नाला जेवून आला असाल. बेसिनच्या नळाला धो धो पाणी होते, आठवते? मागच्या दाराशी एक बाई हंडा घेऊन उभी होती, तिचा ओला पदर लागू नये म्हणून तुम्ही सिल्कची साडी, नाहीतर सफारीची बाही, सावरून घेतली होती. आणि बाहेर पडताना यजमानांना म्हणाला होतात, "व्यवस्था मात्र एक नंबर हं!"