दुसरं रक्त

आमच्या गावात माणूस आजारी पडला की शेजारीपाजारी विचारपूस करायला जात. माणूस खडखडीत बरा झाला की लिमये जात. एखादा तापातून उठून, न्हाऊन-माखून पहिल्यांदाच बाजारात पान लावत उभा असला की मागून आवाज येई, "एकवीस दिवस झाले. दुसरं रक्त?" वादळात होडी घालणारे मी मी म्हणणारे तांडेल त्या आवाजाने गल्ली बदलत.

रेवदंड्याच्या खाडीकाठचं आमचं गाव. तिथल्या सरकारी दवाखान्यात मी कारकून होतो आणि लिमये प्रयोगशाळेचे सहायक. साठ सालच्या आसपासची गोष्ट. प्रयोगशाळा म्हणजे मागच्या अंगणाकडची एक खोली, एक टेबल, एक सूक्ष्मदर्शक आणि लिमये. गावात लिमयांची तीन घरं, म्हणून यांना रक्तलिमये म्हणत. उंच, किडकिडीत, पन्नाशीला टेकलेले. खांद्याला कायम एक थर्मास. एस.टी.त शेजारचा माणूस आशेने विचारी, "चहा आहे काय हो?" हे गंभीरपणे सांगत, "नाही. म्हात्र्यांचं रक्त आहे." मग तो माणूस उठून मागे जाई आणि लिमयांना ऐसपैस जागा मिळे.

एका रक्ताने काही सिद्ध होत नाही, हे त्यांचं ब्रीद. "अर्धा पुरावा म्हणजे अफवा!" असं ते टेबलावर बोट आपटून म्हणत. चंद्रा कोळणीला त्यांनी एकदा माझ्यासमोर सगळं समजावलं होतं. ही चंद्रा त्यांना थर्मासात भरायला मासळीच्या पेटीतला बर्फ देई. बर्फ देताना तोंडही सोडी.

"हे बघ, ताप हा चोर. प्रत्येक चोराच्या मागे लागणारा पोलीस वेगळा. आणि पोलीस नेहमीप्रमाणे उशिरा येतात. म्हणून ताप आला तेव्हाचं रक्त आणि तीन आठवड्यांनंतरचं रक्त, दोन्ही शेजारी ठेवून बघायचं. कुठले पोलीस वाढले ते कळलं की चोर कोण ते कळतं."

"चोर पलाला, मंग पोलीस मोजून काय करायचा रगतवाल्या?"

"तो पुढच्या घरात शिरायच्या आत त्याचं नाव नको कळायला?"

चंद्राने यावर थोडा विचार केला आणि एक मूठ बर्फ जास्त घातला.

तपासणी पुण्याच्या मोठ्या प्रयोगशाळेत व्हायची. तिथे म्हणे त्यासाठी हंस पाळले होते. त्यांच्या रक्ताच्या पेशी लागत. लिमयांचा ऊर या हंसांनी भरून येई. "हंस दूध आणि पाणी वेगळं करतो, ही कवींची थाप. पुण्याचे हंस ताप आणि ताप वेगळा करतात!" ते ऐकून आमच्या हेडमास्तरांनी, हंसांचं रक्त चालतं तर माझं कशाला, असा बिनतोड सवाल करून दुसरं रक्त द्यायचं टाळलं होतं.

त्या वर्षी नारळी पौर्णिमा झाली आणि गावात हाडं मोडणारा ताप आला. माणसं काठी टेकत फिरू लागली. बापूसाहेब पंचायतीचे सरपंच. त्यांची नारळी-पोफळीची वाडी गावात सगळ्यात मोठी. त्यांच्या वाडीतले दोन गडी आधी पडले, मग सगळी आळी पडली. बापूसाहेबांनी तीन दिवसांत निकाल दिला. वाडीच्या कुंपणापलीकडे चंद्रा सुकट नि बोंबील वाळत घालते, त्यावर माशा बसतात, त्या वासानेच ताप आला. चंद्राने गावात मासळी वाळवायची नाही आणि बाजारात मासळीची पाटी मांडायची नाही, असा ठराव झाला. चंद्राचा नवरा समुद्रात बुडून गेलेला, पदरात दोन मुली. त्या पाटीवर तिघींचं पोट होतं.

लिमये दुसऱ्याच दिवशी पंचायतीत जाऊन उभे राहिले. "ताप माशीचा नाही, डासाचा आहे. आणि डास तुमच्या वाडीत आहेत, बापूसाहेब. करवंट्यांचा हा ढीग पडलाय, प्रत्येक करवंटीत पाणी आणि पाण्यात अळ्या. मी मोजल्यात."

"पुरावा?" बापूसाहेबांनी विचारलं.

लिमयांना कोणी पुरावा मागितला की सणासुदीचा आनंद होई. "एकवीस दिवसांनी देतो," म्हणाले आणि निघाले.

सात जणांचं पहिलं रक्त त्यांनी आधीच काढून ठेवलं होतं. दुसरं मात्र एकानेही दिलं नाही. रक्त देईल त्याने वाडीत कामाला येऊ नये, असा निरोप फिरला होता. लिमये एकाच्या दारात पहाटे जाऊन बसले, तर तो मागल्या दाराने पोफळीवर चढला. लिमये झाडाखाली उभे. "खाली ये! थेंबभर पुरे!" वरून आवाज आला, "मी घरी न्हाय!"

डॉक्टरसाहेबांनी त्यांना बोलावून समजावलं. "लिमये, आपल्याला इथे नोकरी करायची आहे."

"तीच करतोय, साहेब," लिमये म्हणाले.

आणि मग लिमयेच तापाने पडले. मी बघायला गेलो तर खाटेवर कण्हत होते, डोळे लाल, सांधे आखडलेले, आणि चेहऱ्यावर मुलाच्या बारशाचा आनंद. "सापडलं! माझा ताप! मला कोण अडवणार?" रबराची नळी दातात धरून त्यांनी आपल्याच डाव्या हातातून रक्त काढलं. मी बाटली धरायला पुढे झालो. रक्त बघून भोवळ आली आणि त्यांनीच मला पाणी दिलं.

बरोबर एकविसाव्या दिवशी भर दुपारी त्यांनी पंचायतीच्या पायरीवर स्टूल मांडलं. बाजार भरलेला. बाही वर केली, सुई टोचली. बापूसाहेब बाहेर आले. "तुम्हाला ताप येणारच. त्या बाईकडून बर्फ आणता ना? वास बाधला."

"कसला ताप ते आता पुणं सांगेल," लिमये सुईवरून नजर न काढता म्हणाले. "मी सांगत नाही, तुम्हीही सांगू नका." तसं त्या गावात बापूसाहेबांना कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

आता माझ्या पापाची गोष्ट. दिवाळीच्या आधीच पुण्याचं पाकीट दवाखान्यात आलं. मीच फोडलं. डॉक्टरसाहेबांनी वाचलं, खणात ठेवलं, "सवडीने बघू, सरपंचांशी बोलून," म्हणाले. लिमये रोज विचारीत, "काही टपाल?" मी मान हलवून नाही म्हणे. मलाही नोकरी करायची होती.

भाऊबीज होऊन दोन दिवस झाले असतील. सकाळी बाजारात गलका झाला. निकालाची दुसरी प्रत दिवाळीच्या टपालात रखडून थेट कोळीवाड्यात गेली होती, चंद्राच्या नावाने. तिने ती भर बाजारात हेडमास्तरांपुढे धरली आणि त्यांना मोठ्याने वाचायला लावली. पहिल्या रक्तात काहीही नाही, दुसऱ्यात भरमसाट वाढ. डेंग्यू. डासापासून होतो, साचलेलं पाणी काढून टाकावं. हेडमास्तरांनी मराठी करून दोनदा सांगितलं. चंद्राने कोणाला न विचारता आपल्या जुन्या जागेवर पाटी टेकवली. दुपारपर्यंत बापूसाहेबांच्या वाडीतून करवंट्यांची पहिली गाडी बाहेर पडली. बापूसाहेब मात्र त्या दिवशी बाहेर पडले नाहीत.

तिसऱ्या प्रहरी चंद्रा दवाखान्यात माझ्या टेबलाशी आली. "कारकूनभाव, ह्यो कागुद माज्या घरी कसा आला?"

रक्तासोबत पुण्याला गेलेल्या लिमयांच्या फॉर्मची प्रत मी फायलीतून काढली. तळाशी एक रकाना होता, निकालाची प्रत रुग्णाच्या कोणा नातेवाइकास पाठवावी. तो सगळे रिकामाच सोडत. लिमयांनी टपोऱ्या अक्षरात चंद्राचं नाव-पत्ता लिहून भरला होता. मला आधी हसूच आलं. डॉक्टरांच्या खणाचा त्यांना किती आधी वास लागला होता! मग मी पुढचा शब्द वाचला. चंद्राच्या नावापुढे लिहिलं होतं, 'बहीण'.

मी तो तिला वाचून दाखवला. नऊ वर्षं मी त्या माणसाच्या शेजारच्या खोलीत बसलो, त्यांच्या नकला केल्या, पण त्यांना कोणी आहे का, हे एकदाही विचारलं नाही. रकान्यात लिहायला त्यांच्यापाशी नाव नव्हतं. तिचं लिहिलं, आणि तिला सांगितलंही नाही.

चंद्रा सरळ मागच्या खोलीत गेली. लिमये परीक्षानळ्या धूत होते, गरजेपेक्षा बराच आवाज करत.

"आदी सांगाला काय झाला व्हता? भाऊबीज परवा गेली की!"

"निकाल यायचा होता," लिमये पाठमोरेच पुटपुटले.

"बस हतं."

त्यांना तिने स्टुलावर बसवलं. इकडेतिकडे बघितलं. टेबलावरचा स्पिरिटचा दिवा पेटवायला मला सांगितलं, एका धुतलेल्या काचेच्या बशीत तो ठेवला आणि ती ओवाळू लागली. निळी ज्योत लिमयांच्या तोंडाभोवती फिरत होती. लिमये दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसले होते आणि डोळ्यांतलं पाणी पुसत नव्हते.

गडबड ऐकून डॉक्टरसाहेब दारात आले. "लिमये! सरकारी दवाखान्यात हे काय चाललंय?"

लिमये जागचे उठले नाहीत.

"भाऊबीज, साहेब," ते म्हणाले. "जरा थांबा."