येतो

हेलिकॉप्टरमधून दोराने उतरताना आमच्या पलटणीचा जवान "येतो" म्हणाला, की तो जमिनीला न टेकता पुन्हा हेलिकॉप्टरमध्ये येत असे.

मी पलटणीचा कारकून. सरावाचे अहवाल मीच लिहीत होतो, म्हणून खात्रीने सांगतो. पहिल्या दिवशी नऊ जवान उतरले आणि नऊच्या नऊ परत आले. कर्नल माथुरांनी दोर बदलला, उंची कमी केली, वारा मोजला. दोष दोराचा नव्हता. आमच्याकडे घर सोडताना कोणी "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. आणि शब्दाला जागणारी म्हणूनच आमची पलटण प्रसिद्ध आहे.

न बोलता उतरायचा हुकूम निघाला. न सांगता निघालेले जवान दोराच्या मध्यावर लटकून राहिले. हिंदीत "चलता हूँ" म्हणून पाहिलं, तर एक जण हवेत चालू लागला. त्याला धरणावरून वळवून आणेपर्यंत दुपार झाली.

"मग 'जातो' म्हणा," कर्नल म्हणाले. ते मराठी शिकले होते, पण पुस्तकातून.

असलं अभद्र कोण बोलणार? शेवटी सुभेदार हणमंत निकम पुढे झाले. त्यांच्या निवृत्तीला सात महिने उरले होते.

"या पोरांची लग्नं व्हायचीत, साहेब. मी बोलतो." त्यांनी दोर धरला आणि म्हणाले, "जातो."

ते सरळ टेकडीवर उतरले. वर पाहून, दारात पाहुणे आल्यासारखं त्यांनी हात जोडले. "या, या!"

"येतो!" म्हणत उरलेले आठही जवान खाली पोचले, कारण आता बोलावणं खालून होतं. कर्नलांनी टाळ्या वाजवल्या. अहवालात मी लिहिलं, 'डावपेच यशस्वी. जमिनीवर एक यजमान आवश्यक.'

परतताना वैमानिकाने वरून "या" म्हटलं. आठ जण चढले. निकम "येतो, येतो" म्हणत राहिले, पण त्यांचा पाय जमिनीवरून सुटेना. एकदा "जातो" म्हणून बसले होते ना.

टेकडीला तीन बाजूंनी धरणाचं पाणी आणि चौथीकडे कडा, त्यामुळे दुसरी वाट नव्हती. तिथे तंबू दिला. हजेरीपटावर मी त्यांना 'स्थळावर हजर' दाखवत राहिलो. मला वाईट वाटलं, पण त्यासाठी हजेरीपटात रकाना नाही.

आठवड्याने त्यांच्या पत्नीला, अनसूयाबाईंना, हेलिकॉप्टरमधून नेलं. त्यांनी दारातून हाक मारली, "अहो, या की!" निकमांनी मान वर केली, पण पाय हलला नाही. बाई कर्नलांकडे वळल्या.

"जाऊन येतो म्हणायचं असतं. एवढं साधं घरात कुणाला विचारलं असतं, तर?"

कर्नलांनी टोपी काढली आणि वहीत लिहून घेतलं. त्याच आठवड्यात नियम बदलला. जवान "जाऊन येतो" म्हणू लागले. ते जात आणि येत. यजमानाची गरज उरली नाही. दुसऱ्या पलटणींचे अधिकारी हे पाहायला आले आणि चहा पिऊन, वाक्य उतरवून घेऊन गेले.

दर गुरुवारी अनसूयाबाई डबा घेऊन "जाऊन येते" म्हणत उतरायच्या आणि तासाभराने परत यायच्या. निकमांना भाकरी बायकोच्याच हातची लागे. ते त्यांना खाली कुठे काय लावलंय ते दाखवत. वालाचा वेल चांगला आला होता.

सात महिने संपले. निकम निवृत्त झाले. शाल आणि नारळ टोपलीतून खाली सोडला. निवृत्त माणसासाठी हेलिकॉप्टर पाठवण्याची तरतूद नाही. कर्नलांनी दोनदा वर लिहिलं आणि दोनदा नकार आला. शेवटचा गुरुवार तेवढा मिळाला.

त्या दिवशी अनसूयाबाई डब्याऐवजी बोचकं घेऊन आल्या. पोळपाट-लाटणं, दोन पातेली, तुळशीचं रोप. मी यादी केली. खाली निकम हात जोडून उभे होते, पण "या" म्हणत नव्हते.

बाईंनी पदर खोचला, दोर धरला आणि म्हणाल्या, "जाते."

वैमानिक पुढच्या शब्दासाठी थांबला. मीही पेन उचलून थांबलो. मग टेकडीवर रोप लावायला माती उकरताना दोघं दिसली, तेव्हा मी अहवालात वेळ टाकली.