पुण्याचे साहेब आणि ताडकळसचा भुंगा

"आज पुण्याचे साहेब आपल्या भुंग्यापुढं हात जोडतेत का न्हाई, बघाच बाबा!"

सुकेशनीनं सकाळीच जाहीर करून टाकलं. भुंगा म्हणजे तिनं ताडकळसात बनवलेला फवारणीचा रोबो. चार चाकं, पाठीवर टाकी, कपाळाला कॅमेरा. कीड पडलेलं पान दिसलं की तेवढ्यावरच औषध मारायचा. शेतकऱ्याचे हात चिखलात, मोबाईल कोण दाबणार? म्हणून तो बोलण्यावर चालायचा. 'येऊ दे' म्हटलं की आवाजाकडं यायचा, 'जाऊ दे' म्हटलं की समोर सुटायचा, 'बस्स' म्हटलं की चाकं थांबायची. 'जाऊ द्या' असं अदबीनं म्हटलेलंही त्याला कळायचं. संस्कारी होता!

अडचण एकच, सुकेशनीच्या कंपनीचा पैसा संपत आला होता. साहेबांनी पैसे घातले तरच पुढचा भुंगा बनणार होता.

साहेब पांढऱ्या गाडीतून उतरले. अंगात हिरवा शर्ट, त्यावर पांढरे ठिपके. सुकेशनीनं टाकीत साधं पाणी भरायला सांगितलं होतं. पण तिचे वडील सिद्धोधन यांना ते पटलं नव्हतं. "नुसत्या पाण्यानं काय छाप पडंल?" म्हणून त्यांनी गोमूत्रात कुजवलेला पाल्याचा अर्क काठोकाठ ओतला होता. पोरीला सांगायचं तेवढं राहिलं.

भुंगा कापसात शहाण्यासारखा चालला. साहेब खूश!

"छान! पैसे देऊ. फक्त ऑफिस पुण्याला हलवा. नाव इंग्रजी ठेवा. आणि ही गावठी भाषा काढून टाका, मशीनशी इंग्रजीत बोलायला हवं."

सुकेशनीच्या कपाळाची शीर ताठली. "साहेब, भुंगा आमच्या बायामाणसांसाठी हाय. त्यांनी आधी इंग्रजी शिकायची का?"

"अहो, जाऊ द्या!" साहेब हसले.

भुंगा सुटला! सरळ साहेबांच्या दिशेनं!

"अरे, अरे! त्याला इकडे येऊ देऊ नका!"

पुढचं 'ऊ नका' ऐकायला भुंग्याला सवड कुठली? 'येऊ दे' एवढं त्याला पुरलं. साहेब गाडीकडं पळाले, भुंगा मागं. साहेब वळले, भुंगा वळला.

"सुके, आवर त्याला!" सिद्धोधन ओरडले. "जाऊ दे ते पैसे!"

"बाबा, तुमी बोलू नका!"

पण भुंग्यानं वेग धरला होता. सुकेशनी जीव खाऊन ओरडली, "बस्स! बस्स!"

भुंगा जागच्या जागी थांबला. साहेबांना मात्र वाटलं, बाई आपल्यालाच सांगतेय. ते काळ्या मातीत मटकन बसले!

आता भुंग्याच्या कॅमेऱ्यासमोर काय होतं? हिरवं, वर पांढरे ठिपके! एवढं किडलेलं पान त्यानं जन्मात बघितलं नव्हतं. त्यानं मन लावून फवारलं. अगदी कॉलरच्या आतून.

"ई! हे पाणी कसलं?"

सिद्धोधन बांधाकडं बघायला लागले.

सुकेशनीनं बटण दाबून भुंगा बंद केला. साहेब उठले. केसांतून अर्क गळत होता. "आत्ताच्या आत्ता माफी मागा! आणि माझ्या सगळ्या अटी मान्य करा, तरच विचार करीन."

दोन वर्षांची मेहनत नाकासमोर घमघमत होती. पण मान काही खाली जाईना.

"वासाची माफी मागते साहेब. भाषेची न्हाई मागणार."

साहेब काचा उघड्या टाकून गेले. बिचारा ड्रायव्हर अर्धं डोकं बाहेर काढून गाडी चालवत होता.

"मंग आता?" सिद्धोधननी हळूच विचारलं.

"आता भुंगा भाड्यानं फिरवू. कुणाच्या बापाला भीत न्हाई मी!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच पोखर्णीचे बन्सीधरराव दारात हजर. सुकेशनीची छाती फुगली.

"या काका! किती एकर हाय?"

"एकर कशाचं, पोरी? पोराचं लगीन हाय. वरातीत गुलाबपाणी मारीत चालंल का ह्यो?"

सुकेशनीनं बाबांकडं बघितलं आणि मान ताठ ठेवूनच म्हणाली, "चालंल!"

कंपनीला पहिलं गिऱ्हाईक लागलं. भुंग्याची जागाही ठरली. बँडच्या मागं, घोड्याच्या पुढं!