चंदेरी रंगाचे हब

माझी जीप चारही चाकांच्या ताकदीवर चालते, हे वाक्य गेल्या अकरा वर्षांत मी किती जणांना ऐकवलं, याला गणती नाही. "रस्ता संपला ना, की माझी गाडी सुरू होते!" असंही वर सांगायचो. ऐकणारे मान डोलवायचे. रस्ता संपेल अशा ठिकाणी मी गाडी कधी नेलीच नव्हती, त्यामुळे वाद घालायची कुणाला सोय नव्हती.

मग सासऱ्यांनी टेकडीवर घर बांधलं. वर जायला नुसता चिकणमातीचा चढ. बायकोने फर्मान काढलं, "शनिवारी बाबांचं लोखंडी कपाट वर पोचवायचं. गाडी चढली तर राहील. नाही चढली, तर रविवारी विकायची. कोपऱ्यावरचे औषधवाले कधीपासून मागताहेत."

"अगं, चढेल म्हणजे काय? पळेल!"

तरी म्हटलं, रंगीत तालीम करून घ्यावी. गुरुवारी ऑफिसातून आलो आणि कॉलनीमागच्या मैदानात, जिथे पाइप फुटून चिखल झाला होता, तिथे मुद्दाम गाडी घातली. ऐटीत फोर-व्हीलचा दांडा ओढला. मागची चाकं गरागरा फिरली. पुढची दोन पाहुण्यांसारखी बसून राहिली!

शेजारचे ड्रायव्हरकाका कुंपणावर हात टेकून बघत होते. तीस वर्षं ट्रक चालवून निवृत्त झालेले.

"हब लॉक केलेस का?"

"कसले हब?"

काकांनी क्षणभर डोळे मिटले. मग लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. दांडा ओढला की ताकद पुढच्या चाकांमधल्या आसाच्या दांडीपर्यंतच येते. ती चाकाला जोडायची, तर पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यावर, म्हणजे हबवर, जी गोल चकती असते, ती खाली उतरून हाताने फिरवायची. नाहीतर दांडी आपली आत एकटीच फिरते, चाकाला पत्ताच नाही.

"ती चकती होय! मला वाटलं, शोभेची आहे!"

आणि शोभेची म्हणून मी तिला दरवर्षी चंदेरी रंगाचा एक हात देत आलो होतो. अकरा वर्षं, अकरा हात! चकतीवरची 'फ्री' आणि 'लॉक' ही अक्षरं तर कधीच बुजली होती. काकांनी नखाने टोकरून पाहिलं.

"रंग छान दिलाय," ते म्हणाले. "आता काही ती फिरत नाही."

शुक्रवारी रजा टाकली. पकडीने चकती पिळली, पकड सटकली, बोटं सोलली. चकती ढिम्म! शेवटी रंग खरवडला, एकेका हबचे सहा-सहा बोल्ट काढले, झाकण उचकटलं. आतलं वंगण साबणाच्या वडीइतकं घट्ट. काका खुर्ची टाकून हुकूम सोडत होते. "रॉकेलमध्ये भिजव! गंज पॉलिशपेपरने घास! अरे, नवं वंगण थापू नकोस, नुसतं बोट पुसल्यासारखं लाव! जाड झालं की परत अडकेल!"

संध्याकाळी दोन्ही चकत्या 'टक' करून फिरल्या. मी बायकोला हाक मारून बोलावलं. "हे बघ, फ्री! हे बघ, लॉक! फ्री! लॉक!"

"कळलं. आणि माझ्या दुधाच्या पातेल्यात रॉकेल कुणी ओतलं?"

शनिवारी सकाळी फाटकातच मी दोन्ही हब स्वतःच्या हाताने लॉक केले आणि मागे जाऊन कपाट आवळून बांधलं. बायको पुढे बसली. घर बघायचं म्हणून माझी आई मागे, कपाटाशेजारी. टेकडीच्या पायथ्याशी दांडा ओढला आणि अर्धा चढ कसा झोकात गेलो! पुढे ओली माती लागली आणि गाडी रुतली. मागची चाकं गरागरा. पुढची पुन्हा पाहुणी!

बायकोने शांतपणे पर्समधून फोन काढला. "औषधवाल्यांना उद्या दहाला बोलावते."

"थांब गं बाई, जरा थांब!" मी उडी मारली ती घोट्यापर्यंत चिखलात. बघतो तर काय, दोन्ही चकत्या फ्री!

"ह्या कुणी फिरवल्या?"

"मी," मागून आई म्हणाली. "तू कपाट बांधत होतास तेव्हा. दोन्ही नळासारख्या उघड्या राहिल्या होत्या, फिरवून बंद केल्या."

आमची आई गॅस, नळ, मेन स्विच, जे जे म्हणून फिरवता येतं ते बंद केल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. तिने बिचारीने जीपही बंद केली होती!

"अगं आई, त्या बंद करायच्या नसतात!"

"मग काय उघडं टाकून निघायचं? वा रे वा!"

हात टेकले. दोन्ही चकत्या पुन्हा लॉकवर आणल्या आणि गाडीत चढायला पाय उचलला.

"खबरदार! त्या पायांनी आत यायचं नाही, सांगून ठेवते!" बायको ओरडली. बुटांना दोन-दोन किलो माती चिकटली होती.

"मग चालवणार कोण?"

ती सरकून माझ्या जागेवर बसलीसुद्धा. लायसन्स तिच्याकडे होतंच, जीपला मात्र मी तिला कधी हात लावू दिला नव्हता.

"बरं, जरा मागे घे. म्हणजे हब नीट बसतील."

गाडी वीतभर मागे आली. टक! टक! मग तिने पुढे घेतली आणि पुढच्या चाकांनी माती धरली! खोटं कशाला बोलू, मला भरून आलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझी गाडी चारही चाकांवर चालत होती! मी आनंदाने तोंड उघडलं आणि मागच्या चाकाने त्यात चिखल भरला. ती थांबली नाही. वळून पाहिलंही नाही. आईने तेवढा हात हलवला.

चालत वर पोचायला मला वीस मिनिटं लागली. कपाट उतरवून झालं होतं. सासरेबुवा दारात होते. बायको मात्र अजून स्टीअरिंग धरून बसलेली, उतरायचं नाव नाही.

"विकायची नाही!" तिने जाहीर केलं.

जिंकलो! आता फक्त चावी घ्यायची, म्हणून मी हात पुढे केला. तिने त्यावर हात पुसायला फडकं ठेवलं.

याला दोन महिने झाले. गाडी घरात आहे, ठणठणीत आहे, दर रविवारी हब मीच साफ करतो. चावी मागितली की बायको प्रेमाने म्हणते, "कुठे जायचंय? मी सोडते की!" आणि सोडतेही. रोज सकाळी, बसथांब्यापर्यंत!